आमच्या घराचं पहिलं कुलूप

आमच्या घराला कुलूप नव्हतं. मोडलं होतं किंवा हरवलं होतं असं नव्हे, ते कधी आणलंच गेलं नव्हतं. शिवाजी पेठेत आमच्या बोळात सात घरं होती आणि सातही दारं पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या वेळी उघडत, ती रात्रीची जेवणं उरकेपर्यंत उघडीच असत. सगळेच बाहेर निघालो तर आई दार ओढून घ्यायची, वरून कडी घालायची आणि समोरच्या मालनकाकूंना ओरडून सांगायची, "काकू, जरा लक्ष असू द्या." झालं. एकदा बोळात नव्यानं राहायला आलेल्या एका मास्तरांनी दाराला कुलूप लावलं, तर काकूंनी त्यांना चारचौघांत विचारलं, "मास्तर, आमी चोर हाय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून मास्तरही नुसती कडी घालायला लागले.

मालनकाकूंच्या दोन म्हशी होत्या. त्यातली राधी काकूंची लाडकी. दिवाळीच्या पाडव्याला काकू तिची शिंगं रंगवायच्या, गळ्यात घुंगरांचा पट्टा घालायच्या आणि नव्या नवरीला मिरवावं तशी तिला पेठेतून मिरवून आणायच्या. सकाळी दुधाची चरवी घेऊन काकू हाक न मारता थेट आमच्या स्वयंपाकघरात येत. "मी आलो गं," हे त्या आत पोचल्यावर म्हणत. आमच्याकडं बायकाही 'आलो', 'जातो' असंच बोलतात. माझ्या शाळेत त्यावरून मुली मला हसत, म्हणून मी घराबाहेर कमीच बोलायची. काकू दूध ओतायच्या, खलबत्त्यातल्या खर्ड्यात बोट बुडवून चाखायच्या आणि आईला म्हणायच्या, "मीठ संपलंय का हात आखडलाय?" आई म्हणायची, "तुमच्या दुधातलं पानी आटवण्यात जीव जातोय, मिठाचं कुटं ध्यानात ऱ्हातंय?" मग दोघी हसायच्या. त्या हसण्यानं मला जाग यायची.

घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. माझी थोरली बहीण, सुनंदाअक्का, मराठी शाळेत शिकली. माझ्या वेळेला अण्णांची, म्हणजे वडिलांची, परिस्थिती थोडी सुधारली होती. त्यामुळं घरात येणारा इंग्रजीचा प्रत्येक कपटा माझ्यापुढं यायचा. औषधाच्या बाटलीतली घडी, वीज खात्याचं पत्र, प्रेशर कुकरबरोबर आलेलं पुस्तक. "धाकलीला दावा," अण्णा म्हणायचे, आणि धाकली जे सांगेल ते घरात शेवटचं असायचं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी कधी बोलले नाही. मी कमी बोलायची म्हणून माझ्या बोलण्याला वजन होतं, आणि ते वजन मला आवडायचं. हे आज लिहिताना सोपं वाटतं, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

अण्णा कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंडाचा पंप किंवा चाक ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या ठशात लोखंडाचा रस ओततात. एकदा त्यांनी असाच एक नमुना दुरुस्तीला घरी आणला. काळपट राखी रंगानं रंगवलेला, पाहणाऱ्याला वाटावं दीड-दोन मणांचं लोखंड. अण्णांनी काकूंना तो उचलायला सांगितला. काकूंनी पदर खोचला, दोन्ही पाय रोवले, दम धरून उचलायला गेल्या, आणि नमुना हलका म्हणून एकदम छातीवर आला. त्या मागं पाटावर बसल्या. सगळा बोळ हसला. अण्णा म्हणाले, "काकू, बघून न्हाय कळत. उचलून बघायचं." काकू म्हणाल्या, "मुडदा बशिवला तुमच्या लाकडाचा!" मीही हसले होते. अण्णांच्या त्या वाक्यात मला उपयोगी पडेल असं काही आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

अक्काचं लग्न निपाणीकडच्या महांतेशशी ठरलं. तो बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आमचा फोन बाहेरच्या खोलीत, आणि त्यावर अक्का बोलायला लागली की आई भाजी निवडायला नेमकी तिथंच बसायची. म्हणून मग ईमेल. महांतेशनंच सुचवलं. पेठेच्या तोंडाशी एक नेट कॅफे निघाला होता: प्लायवुडच्या चार खोक्यांत चार कॉम्प्युटर, उदबत्तीचा वास, आणि फोन जोडताना मोडेम जे किंचाळायचं ते रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. तिथं मी अक्काच्या नावानं ईमेलची पेटी उघडली. पासवर्ड काय ठेवायचा यावर अक्का म्हणाली, "राधी ठेव, विसरणार न्हाय." पुढं आमचा घर नंबर जोडला. संध्याकाळपर्यंत काकू बोळात सांगत होत्या, "माज्या म्हशीचं नाव घेतल्याबिगर कॉम्प्युटर उघडत न्हाय!" मस्कतला दिलेल्या त्यांच्या लेकीची, रेश्माचीही पत्रं मग त्याच पेटीत येऊ लागली. अक्का मराठीत सांगायची, मी इंग्रजीत लिहायची, काकू कॅफेच्या दारातून ओरडायच्या, "धाकले, रेश्मीला इचार, पोराला दात आलं का!" पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता. जसं दाराला कडी कशी घातलीय हे सगळ्यांना ठाऊक असायचं तसंच.

कॅफेच्या मालकानं प्रत्येक खोक्यात हातानं लिहिलेला एक कागद चिकटवला होता. पासवर्ड देण्याआधी वरचा पत्ता वाचा, खाली कोपऱ्यात कुलूप आहे का बघा, असं काहीतरी. त्याचं इंग्रजी इतकं मोडकं होतं की पहिल्याच दिवशी मी पेन्सिलनं त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या. दुरुस्त केल्या आणि विसरले. तो काय सांगतोय इकडं माझं लक्षच नव्हतं.

त्या दुपारी मी एकटीच गेले होते. पेटीत एक पत्र आलेलं, पेटीवाल्या कंपनीकडून. तुमची ओळख पुन्हा पटवून द्या, नाहीतर दोन दिवसांत पेटी बंद होईल आणि आतली सगळी पत्रं जातील. इंग्रजी स्वच्छ होतं, अदबीचं होतं, आमच्या मुख्याध्यापिकेनं लिहावं तसं. अक्काची सगळी पत्रं त्यात, रेश्माच्या बाळाचे फोटो त्यात. पत्रातल्या निळ्या ओळीवर मी माऊस नेऊन दाबला. रोजचंच पान उघडलं. तोच रंग, तेच नाव, तीच चौकट. पासवर्ड मागितला, दिला. मग अक्काची जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन नंबर, आईचं माहेरचं आडनाव. रस्त्यात कुणी नाव विचारलं तर मी मान खाली घालून पुढं जायची. त्या पानाला मी सगळं सांगितलं. शेवटी पानानं माझे आभार मानले. मी घरी आले ती पेटी वाचवल्याच्या आनंदात, पण बोलले नाही कुणाला. सांगायची गरज काय, हे माझं कामच होतं.

पाचव्या दिवशी फोन वाजला. आई भाकरी थापत होती, पिठाच्या हातानं तिनं तो उचलला. पलीकडं महांतेशचे वडील होते. इतक्या मोठ्यानं बोलत होते की अर्धं मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आलं. त्यांच्या थोरल्या सुनेला ऑफिसात सुनंदाच्या नावानं पत्र आलं होतं. त्यात नागड्या बायकांचे फोटो होते. तसलंच महांतेशला. तसलंच त्याच्या मामांना. "तुमच्या पोरीला ही सवय हाय काय, तेवढं सांगा," असं ते म्हणाले. फोन खाली ठेवायला आई विसरली. तारेला लोंबकळत तो भिंतीवर आपटत राहिला, आणि तव्यावरची भाकरी जळून घरभर धूर झाला. अक्का मधल्या दारात उभी होती. ती रडली नाही. तिनं माझ्याकडं पाहून फक्त विचारलं, "माझ्या नावानं?"

तिनं ते दोन शब्द म्हटले त्या क्षणाला मला ते पान आठवलं. पुढं जे आठ दिवस गेले त्यात मला माहीत नव्हतं असं मी कधीही म्हणू शकत नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी अण्णा आले. ऐकून घेतलं, पाणी प्यायले, आणि मला विचारलं, "धाकले, पासवर्ड ठाव असल्याबिगर हे करता येतंय?"

"नाही," मी म्हणाले.

तेवढंच बोलले. शब्द खरा होता. त्या एका खऱ्या शब्दानं मी मालनकाकूंना अडकवलं. कारण आई लगेच म्हणाली, "राधी कुनाची मग?" आणि मग सगळं आपोआप जुळत गेलं. काकूंच्या शिरोळच्या भाच्यासाठी अक्काला मागणी आली होती, अण्णांनी नको म्हटलं होतं. भाचा शिकलेला होता. काकू तेव्हा चार दिवस गप्प होत्या. आमच्या पेठेत वाईट करणाऱ्याला तोंड असायचं, नाव असायचं, जुनं कारण असायचं. कारण सापडलं म्हणजे माणूस सापडला.

त्याच रात्री अण्णांनी कुलूप आणलं. पोलादी, हाताच्या पंज्याएवढं. सकाळी काकू चरवी घेऊन आल्या तेव्हा दार आतून लावलेलं होतं आणि कोयंड्यात ते नवं कुलूप उघडं लटकत होतं. काकूंनी ढकलून पाहिलं. "काय गं, समदी मेलासा का काय?" त्या बाहेरून हसत म्हणाल्या. आईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच सांगितलं, "उद्यापास्नं दूध नको." का, ते काकूंनी विचारलं, आणि आईनं बोळात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. काकूंच्या हातातली चरवी हिंदकळली, दूध त्यांच्या पावलांवर सांडलं. "मी?" त्या म्हणाल्या. "मला माजं नाव लिवाय येत न्हाय, आन मी कॉम्प्युटरात घाण घातली?"

"तुमचा भाचा शिकलाय की."

काकूंनी चरवी पदराखाली घेतली. त्या वळल्या आणि आपल्या घरात गेल्या. सांडलेल्या दुधावर दिवसभर माश्या घोंगावत होत्या. मी बोलायला हवं होतं. मी अंघोळीला गेले.

आठ दिवस आम्ही पिशवीतलं दूध प्यायलो. चहा पांचट लागायचा, पण तसं कुणी म्हणालं नाही. सकाळी मला आपोआप जाग यायची आणि घर गप्प असायचं. समोरून फक्त राधीच्या गळ्यातली घुंगरं वाजायची.

रविवारी महांतेश आणि त्याचे वडील आले. पोहे झाले, चहा झाला, कुणीच नीट खाल्लं नाही. महांतेशचे वडील अण्णांना म्हणाले, "पाटील, आमाला पोरगी पसंत हाय. पण हे कुनी केलं ते आमच्यासमोर उघड व्हावं, मग पुढचं बोलू." अण्णांनी काकूंना बोलावणं पाठवलं. आमच्या लिंगायत लोकांत शेवटची खात्री करायची एकच रीत होती: गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून तळहातावर घ्यायचं आणि बोलायचं. त्यावर खोटं बोललेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पण खरं बोलणाऱ्याला ते बोलायला लावणं, यासारखा अपमानही नाही.

काकू आल्या. डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. आत आल्या नाहीत, उंबऱ्याजवळ बसल्या. ज्या स्वयंपाकघरात त्या रोज बोटानं खर्डा चाखायच्या, तिकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी डबी उघडली. धारा काढून काढून जाड झालेली त्यांची बोटं डबीत नीट जात नव्हती. "माजी लेक बी त्याच पेटीत हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या दादल्याला बी त्येच चित्रं गेल्याती. मी माज्या लेकीचं..." इष्टलिंग तळहातावर आलं.

"काकू, थांबा," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. "ते माझ्याकडून झालंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. काय बोलले ते मला सलग आठवत नाही. अर्धं इंग्रजीत बोलले असेन, कारण आई मध्येच ओरडली, "मराठीत सांग, भवाने!" पत्र आलं, पान उघडलं, सगळं लिहून दिलं, इतकंच सांगायला मला आठ दिवस लागले होते. अण्णा माझ्याकडं पाहत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नमुन्याला भेग गेलेली दिसल्यावर ते पाहायचे, तसं ते पाहत होते.

तोवर खाली मान घालून बसलेला महांतेश पहिल्यांदा बोलला. "ते पत्र अजून असेल पेटीत. मला दाखवता?"

सगळेच निघालो. काकूंनी डबी बंद केली आणि म्हणाल्या, "मी बी येतो. माज्या म्हशीचं नाव हाय त्यात." सकाळी अकराच्या उन्हात आमची ती वरात पेठेतून गेली. एका खोक्यात आम्ही सात जणं कोंबलो. महांतेशनं ते पत्र उघडलं, ती निळी ओळ दाबली. पान अजून तिथं होतं, तसंच गोजिरं. मग त्यानं शेजारी खरं पान उघडलं आणि अण्णांना म्हणाला, "मामा, वर बघा. खऱ्यावर कंपनीचं नाव आहे. ह्याच्यावर नाव नाही, नुसते आकडे आहेत. आता खाली कोपऱ्यात बघा." खऱ्या पानाखाली नखाएवढं पिवळं कुलूप होतं. दुसऱ्याखाली ती जागा रिकामी होती. मी त्या जागेकडं कधी पाहिलंच नव्हतं.

अण्णांनी दोन्ही पानं बराच वेळ निरखली. "म्हंजे हे लाकडाचं हाय," ते म्हणाले. "रंग तेवढा लोखंडाचा."

महांतेशचं लक्ष भिंतीवरच्या कागदाकडं गेलं. "इथं लिहिलंय की सगळं," तो म्हणाला. "कुणीतरी पेन्सिलनं दुरुस्तही केलंय." अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिला माझं अक्षर ओळखू येत होतं. मला वाटलं, जमीन फाटावी.

"पर केलं कुनी?" अण्णांनी विचारलं.

"कुणीही असेल, मामा. आपल्याला ओळखतही नसेल."

"वळखत न्हाय? मग आमच्या सुनंदाशी वैर काय त्याचं?"

"वैर नाही. पासवर्ड मागणारी अशी पत्रं त्यानं हजारोंना पाठवली असतील. जो सापडला तो सापडला, मग त्याच्या पेटीतल्या सगळ्या पत्त्यांवर ते फोटो."

फोटो आल्याचा धक्का मोठा होता, माझ्या कबुलीचाही होता. पण हा सगळ्यांत मोठा होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. महांतेशच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी काकू म्हणाल्या, "बिनवैराचं बी असलं कोन करतंय व्हय?"

महांतेशनं अक्काला खुर्चीवर बसवलं आणि नवा पासवर्ड घालायला सांगितला, तिचा तिनं, कुणाला न सांगता. "सगळ्यांनी पाठी फिरवा," तो म्हणाला. सगळ्यांत आधी काकू वळल्या, नाक प्लायवुडला लागेल अशा. मग अण्णा, आई, महांतेशचे वडील, मी. मागं अक्का एका बोटानं एकेक अक्षर शोधत होती. टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. तो शब्द कोणता होता ते मला आजही माहीत नाही. तिची पुढची पत्रं तिनंच लिहिली.

आता चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि कुठलंही पान उघडलं की मी आधी पत्ता वाचते, अक्षर न् अक्षर, ओठ हलवत. ऑफिसातली मुलं हसतात. पानावरचं कुलूप खालून वर सरकलं, आणि माझी मुलगी सांगते की आता खोट्या पानांवरही ते असतं. कुलूप म्हणजे वाट बंदिस्त आहे एवढंच, वाटेच्या टोकाला कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. मी तिला सांगते, तुझे आजोबा हेच म्हणायचे, उचलून बघायचं. पत्रातल्या ओळीवर बोट ठेवायचं नाही, पत्ता आपला आपण लिहायचा. कुणी घाई केली तर तिथंच थांबायचं. आणि चुकलंच, तर त्याच दिवशी सांगायचं. हे शेवटचं तिला मी जरा जास्तच वेळा सांगते.

अक्काचं लग्न झालं, चांगलं झालं. त्या रविवारीच अण्णांनी कुलूप काढून माळ्यावर टाकलं. आई नारळ आणि खण घेऊन काकूंकडं गेली, मी तिच्या मागं होते. मी काकूंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ. पोर हाईस." दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं. तेच दूध, तीच चरवी, तीच वेळ.

दार पूर्वीसारखं सताड उघडं असायचं. काकू बाहेर उभ्या राहायच्या आणि कडी वाजवायच्या.

आई आतून म्हणायची, "या की काकू, उघडंच हाय." त्या तिथंच थांबायच्या, भांडं बाहेर येईपर्यंत. शेवटपर्यंत, रोज सकाळी, मला जाग यायची ती त्या कडीच्या आवाजानं.